दात येताना लाळेमुळे तोंडाभोवती उठणारा रॅश: पुसणं कमी करा, मलम आधी लावा

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाळ पंधरा महिन्यांचं आहे, दाढा येतायत, दिवसभर लाळ गळते, हनुवटी आणि खालच्या ओठाखालचा भाग लालभडक आणि खरखरीत झालाय, सकाळी उठल्यावर एका गालावर पण पसरलेला दिसतो, तुम्ही दर वेळी वाइप्सने पुसून वर बेबी लोशन लावता, मधे पावडर पण लावून बघितली, आणि दोन आठवडे झाले तरी फरक नाही. त्यात घरातल्यांचं म्हणणं की ही खाण्याची अ‍ॅलर्जी आहे, टोमॅटो आणि संत्रं ताबडतोब बंद करा. मी लहान मुलांच्या त्वचेचे आजार बघते आणि अशी हनुवटी घेऊन येणारी बाळं मला सतत भेटतात. बाळाला समोर न बघता मी निदान करणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते लाळेच्या रॅशचं अगदी नेहमीचं चित्र आहे. आणि दोन आठवडे तो का जात नाहीये याचं उत्तर बहुतेक तुमच्या त्या वाइप्स आणि लोशनमध्येच आहे.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही, तिच्यात अन्न पचवणारी एन्झाइम्स असतात, आणि तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.२ ते ७.६ असतो. त्वचेचा वरचा थर मात्र आंबटसर असतो, ४.५ ते ५.५ च्या आसपास, आणि तो आंबटपणाच त्वचेचं रक्षण करत असतो. आता त्यावर दिवसभर लाळ राहिली की तो बिघडतो, कातडी भिजून मऊ पडते, मग लाळ वाळताना कातडीतलं पाणी पण घेऊन जाते आणि बारीक बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांवर परत नवीन लाळ. सतत पाण्यात काम करणाऱ्यांचे हात कसे फुटतात, तसंच हे. लहान मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, पहिली एक-दोन वर्षं तिची पक्की व्हायचीच प्रक्रिया चालू असते, त्यामुळे मोठ्यांना जे काहीच वाटणार नाही त्याने बाळाची हनुवटी सोलून निघते. आम्ही याला इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतो. हे इन्फेक्शन नाही, संसर्गजन्य नाही, आणि तुमच्या स्वच्छतेत काही कमी पडलं म्हणून झालेलं तर अजिबातच नाही, उलट जरा जास्तच स्वच्छता झालीये.

लाळ आपण थांबवू शकत नाही आणि थांबवायचीही नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लाळग्रंथी जोरात काम करायला लागतात (म्हणून त्या वयात लाळ आली म्हणजे दात आलेच असं नसतं), आणि गिळायचं कौशल्य मागून येतं. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, सुळे १६ ते २२ महिन्यांत, आणि मागच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. दाढ समोरच्या दातापेक्षा रुंद असते, हिरडी ठणकते, बाळ मूठच्या मूठ तोंडात घालतं, तोंड उघडं राहतं आणि सगळं हनुवटीवर. म्हणजे हे सगळं अजून बरेच महिने येत-जात राहणार आहे. त्यामुळे लाळ आणि कातडी यांच्यामध्ये एक थर उभा करायचा, आणि तो लाळ यायच्या आधी उभा करायचा. मी आई-बाबांना एवढं एकच परत परत सांगते. रॅश दिसला की औषध शोधायला सगळे धावतात, पण थर नसेल तर औषध दोन तास टिकतं आणि लाळेबरोबर वाहून जातं.

आता पुसण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथे होतं. पुसायचं नाही, टिपायचं. मऊ सुती कापड घ्या, जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं असेल तर फारच छान, त्याची घडी करा, हनुवटीवर अलगद दाबा, क्षणभर थांबा, उचला. बस. डावीकडून उजवीकडे फिरवायचं नाही, गालावरून खाली ओढायचं नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा जरा जोरात पुसलं तर लाळेपेक्षा त्या घासण्यानेच कातडी जास्त सोलते, आणि सांभाळणाऱ्या प्रत्येकाची पुसायची पद्धत वेगळी असते, एकाने टिपलं आणि दुसऱ्याने खसाखसा पुसलं तर काही उपयोग नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकदा तुमच्या हाताने करून दाखवा. आणि प्रत्येक थेंबामागे धावू नका. खाली मलमाचा थर असेल तर वर लाळ थोडा वेळ राहिली तरी चालते.

वाइप्स तोंडासाठी बंद करा, आजपासूनच. सुगंध असतो, प्रिझर्व्हेटिव्ह (माल टिकावा म्हणून घातलेली रसायनं) असतात, आणि फुटलेल्या कातडीवर ते झोंबतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक प्रिझर्व्हेटिव्ह वाइप्समध्ये भरपूर वापरलं जायचं, आणि त्याची अ‍ॅलर्जी इतक्या लोकांना दिसायला लागली की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून जाहीर केलं. पाकिटावर सेन्सिटिव्ह लिहिलंय म्हणजे ते नसेलच असं धरून चालू नका, घटकांची यादी वाचा. त्यापेक्षा खाणं झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड, एवढं पुरतं. साबण किंवा फेसवॉश तोंडाभोवती लावायची गरज नाही, अंघोळीच्या वेळी सुद्धा तो भाग नुसत्या पाण्याने धुवा.

मग लावायचं काय, तर साधं पेट्रोलियम जेली. व्हॅसलिन म्हणतो ते, बिनवासाचं, बिनरंगाचं. लोक हे ऐकून जरा नाराज होतात, एवढ्यासाठी डॉक्टरकडे आलो का असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, पण याच्यापेक्षा चांगला अडथळा मिळणं अवघड आहे. त्यात पाणी नसतं म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाहीत, झोंबत नाही, आणि थोडंसं तोंडात गेलं तरी काही होत नाही. तुमचं लोशन का चाललं नाही, तर लोशनमध्ये मुख्य माल पाणीच असतो, ते जिरतं, उडून जातं आणि वर थर राहतच नाही. क्रीम त्यातल्या त्यात बरं, पण या जागेसाठी घट्ट, तेलकट मलमच हवं. आणि पावडर कृपा करून ठेवून द्या. ती ओली झाली की गोळे होतात, ते घासतात, आणि तोंडा-नाकाजवळ पावडर उडवली की ती श्वासातून फुप्फुसात जायचा धोका असतो, हा धोका खरा आहे, बाळांना यातून गंभीर त्रास झालेला आहे.

झिंक ऑक्साइडचं, म्हणजे डायपर रॅशला वापरतो तसलं पांढरं मलम पण चांगलं काम करतं, पण ते मी हनुवटीचा खालचा भाग आणि गळ्याच्या घड्या इथेच ठेवते, ओठांच्या अगदी कडेला नाही, कारण बाळ ते चाटून टाकणार. लॅनोलिनचं मलम पण चालतं, फक्त काही मुलांना त्याची अ‍ॅलर्जी असते म्हणून आधी हातावर थोडंसं लावून एक-दोन दिवस बघा.

कसं लावायचं ते जरा नीट सांगते कारण बहुतेक जण फारच पातळ लावतात. आधी टिपून घ्या, मग अर्धा मिनिट हवेवर वाळू द्या, ओल्या कातडीवर लावलं तर लाळ मलमाखाली कोंडली जाते. हात धुऊन मटारच्या दाण्याएवढं मलम बोटावर घ्या, दोन बोटांत जरा गरम करा आणि खालच्या ओठाच्या कडेपासून हनुवटीच्या खालपर्यंत, दोन्ही बाजूंना तोंडाच्या कोपऱ्यांच्या बाहेर बोटभर, असं पसरवा. चोळून जिरवायचं नाही, वर चकचकीत थर दिसला पाहिजे आणि बोट लावलं की निसटलं पाहिजे. रॅश जिथे आहे तेवढंच नाही, लाळ जिथे जिथे पोचते तिथे सगळीकडे. डबीतून घेत असाल तर प्रत्येक वेळी बोटं घालण्यापेक्षा स्वच्छ चमच्याने काढा, ट्यूब असेल तर प्रश्नच नाही.

वेळा मात्र पाळा: झोपायच्या आधी (दुपारची झोप पण धरून), जेवणाच्या आधी, बाहेर थंडी-वाऱ्यात न्यायच्या आधी, आणि पाण्याने तोंड धुतल्यानंतर. बघा, बहुतेक ठिकाणी "आधी" आलंय. आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही: मधल्या वेळात लाळ टिपताना मलम पुसून काढायचं नाही, वरची लाळ फक्त उचलायची, खालचा थर तसाच राहू द्यायचा. मलम मळकट दिसायला लागलं किंवा त्यात अन्न मिसळलं तरच धुऊन नव्याने लावा. पहिले चार-पाच दिवस दिवसातून सहा-आठ वेळा लावावं लागेल, त्यात कंटाळा करू नका, नंतर आपोआप कमी होतं.

आता सकाळी एक गाल जास्त लाल का दिसतो ते. बाळ ज्या कुशीवर झोपतं त्या बाजूला लाळ साठते, चादर ओली होते आणि गाल रात्रभर त्या ओल्या कापडावर घासला जातो. म्हणून रात्रीचा थर सगळ्यात जाड, गालासकट. चादर ताणून बसवलेली, सुती, आणि ओली झाली की बदलायची, मधे जाग आलीच असेल तर बोट लावून बघा. गालाखाली सुटं कापड किंवा दुपटं ठेवायचा मोह होतो पण ते ठेवू नका, आणि लाळेरं बांधून तर बाळाला कधीच झोपवू नका, गळ्याशी आवळलं जाऊ शकतं. एक वर्षाच्या आतली बाळं वाचकांपैकी कोणाकडे असतील तर त्यांना पाठीवरच झोपवायचं, लाळ बाहेर यावी म्हणून पालथं किंवा कुशीवर झोपवायचं नाही. शिवाय नाक बंद आहे का बघा. नाक चोंदलं की बाळ तोंडाने श्वास घेतं, तोंड उघडं, लाळ दुप्पट, तेव्हा झोपायच्या आधी सलाइनचे थेंब नाकात घातले की कित्येकदा सकाळच्या रॅशमध्येच फरक पडतो. महिनोन्महिने कायमच तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर अ‍ॅडेनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, तपासून घ्यायला लागतात. आणि बाटली तोंडात ठेवून झोपवायची सवय असेल तर ती मोडा, दूध ओघळून रात्रभर कातडीवर राहतं आणि नव्या दातांना कीड लागते ती वेगळीच.

लाळेऱ्यांचं म्हणाल तर मऊ सुती, मागून पाणी न झिरपणारं, आणि ओलं झालं की लगेच बदललेलं. ओलं लाळेरं गळ्याशी दिवसभर ठेवणं हे न घालण्यापेक्षा वाईट. कडा कडक असेल आणि हनुवटीला लागत असेल तर ते टाकून द्या. धुताना बिनवासाची पावडर वापरा, दोन पाण्यांतून नीट खळबळून काढा, आणि कपडे मऊ करायची ती सुगंधी लिक्विडं बाळाच्या तोंडाजवळच्या कपड्यांना नकोत. गळ्याच्या घड्या रोज उघडून बघायच्या बरं का, गुटगुटीत बाळांमध्ये तिथे लाळ आणि दूध साठून आत कातडी ओलीचिंब लाल झालेली असते आणि वरून कळतही नाही.

पॅसिफायर देत असाल तर रॅश गोल कड्यासारखा दिसतोय का बघा, त्या प्लॅस्टिकच्या चकतीखाली लाळ कोंडते. पूर्ण सोडवणं आत्ता दात येताना जमणार नसेल तर ठीक आहे, पण निदान फक्त झोपेपुरता ठेवा आणि द्यायच्या आधी तोंड कोरडं करून मलम लावा.

आता घरातल्यांच्या अ‍ॅलर्जीच्या शंकेबद्दल. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, टोमॅटो किंवा संत्रं खाल्ल्यावर लाली वाढलेली त्यांना खरंच दिसली असणार. पण आंबट पदार्थ फुटलेल्या कातडीला लागले की ती चिडते, ती अ‍ॅलर्जी नव्हे. ओळखायचं असं की अशी लाली जिथे अन्नाचा स्पर्श झाला तिथेच येते, बाळ मजेत असतं आणि थोड्या वेळात, पुसल्यावर, ती ओसरते. अ‍ॅलर्जीमध्ये काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर दुसरीकडे पण गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात, खोकला किंवा घरघर सुरू होते. यातलं काही झालं तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, श्वासाचा त्रास असेल किंवा बाळ मलूल पडलं तर तडक हॉस्पिटल. तसं काही नसेल तर नुसत्या लालीवरून पदार्थ बंद करू नका. एकेक करत यादी वाढत जाते आणि शेवटी बाळ चार पदार्थांवर येतं, आणि लाळेचा रॅश आहे तिथेच. जेवणाआधी मलम लावा, जेवण झाल्यावर पाण्याने धुवा, रॅश चिडलेला आहे तोवर आंबट पदार्थ चार-आठ दिवस कमी करा हवं तर, नंतर परत सुरू करा.

याच्याशी जोडलेला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. फुटलेल्या कातडीतून अन्नातली प्रोटीन्स आत गेली तर शरीर त्या पदार्थाला शत्रू समजायला शिकू शकतं, म्हणजे पोटातून गेलेलं अन्न सहनशीलता शिकवतं आणि जखमी कातडीतून गेलेलं अन्न उलटं करू शकतं, असं आता बऱ्यापैकी मानलं जातं. म्हणून शेंगदाणा, बदाम असल्या पदार्थांची तेलं या रॅशवर चोळू नका. ऑलिव्ह तेल पण नको, ते नैसर्गिक असलं तरी त्वचेचा संरक्षक थर सैल करतं. "घरातलं आहे, नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि लिंबू, टूथपेस्ट, दूध, मध असं काय काय लावून आलेल्या हनुवट्या बघते. मध तर एक वर्षाच्या आत तोंडाच्या आसपाससुद्धा नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

स्टेरॉइड क्रीमबद्दल स्पष्टच लिहिते. डॉक्टरांनी बघून १% हायड्रोकॉर्टिसोन दोन-चार दिवस दिलं तर घाबरू नका, खूप सूज आणि लाली असेल तर मी पण देते, पातळ लावायचं, सांगितलेले दिवस झाले की थांबवायचं. पण स्वतःहून, घरात पडलेली कुठलीतरी ट्यूब, त्यातही ती स्टेरॉइड-अँटिफंगल-अँटिबायोटिक एकत्र असलेली मिक्स क्रीम तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी जादू होते, सोडलं की दुप्पट उलटतं, परत लावता, आणि महिन्याभरात तोंडाभोवती बारीक लाल पुळ्यांचं कडं तयार होतं, ओठाच्या अगदी लगतची पट्टी मात्र स्वच्छ. हा पेरिओरल डर्मटायटिस, आणि तो बरा करायला आठवडेच्या आठवडे जातात, जिथे मूळ लाळेच्या रॅशला आठवडा पुरला असता.

सगळाच तोंडाभोवतीचा लालपणा लाळेचा नसतो, तेव्हा काय दिसलं की दाखवायचं ते सांगते. मधासारख्या पिवळट चिकट खपल्या धरल्या, भाग भराभर पसरतोय, तर ते इम्पेटिगो, जिवाणूंचं इन्फेक्शन, अँटिबायोटिक लागतं आणि ते दुसऱ्या मुलांना लागू शकतं म्हणून टॉवेल वेगळा ठेवा. गळ्याच्या घडीत चकचकीत गडद लाल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील तर कॅन्डिडा, म्हणजे बुरशी, मग तोंडात आणि जिभेवर न पुसले जाणारे पांढरे डाग पण आहेत का बघा. पाण्याचे बारीक फोड घोसाने आलेत, ताप आहे, हिरड्या सुजून रक्त येतंय, बाळ पाणीपण घेत नाहीये, तर हर्पिस या विषाणूचा पहिला हल्ला असू शकतो, त्यात वाट बघायची नाही, आणि बाळाला आधीपासून एक्झिमा (कोरड्या, खाजऱ्या त्वचेचा आजार) असेल तर त्याच दिवशी दाखवा. फोड तळहात, तळपाय, कुल्ल्यांवर पण असतील तर हँड फूट माउथ, हा विषाणूचा आजार. कोपर-गुडघ्यांच्या आसपास, गालांवर कोरडे खाजरे चट्टे आणि रात्री खाजवून उठणं असेल तर मूळ एक्झिमा आहे आणि लाळ त्याला भडकवतेय, मग उपचार पूर्ण अंगाचा करावा लागतो. आणि एक क्वचित दिसणारं पण चुकू नये असं: तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी एकदमच स्पष्ट कडेचे लाल सोललेले चट्टे, सोबत जुलाब, केस विरळ होणं, किरकिर, वजन न वाढणं, तर झिंकची कमतरता तपासावी लागते. याला कितीही व्हॅसलिन लावलं तरी तो जाणार नाही.

दात येण्याच्या नावावर खपवू नये अशा दोन गोष्टी. पहिली ताप. २००० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ मुलांचे ४७५ दात येताना रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. दात दिसायच्या आधीचे ४ दिवस, तो दिवस आणि नंतरचे ३ दिवस, एवढ्यात चावणं, लाळ, किरकिर, घन पदार्थ कमी खाणं, चेहऱ्यावर रॅश आणि अंग किंचित कोमट लागणं हे वाढलेलं दिसलं, पण भरपूर ताप, उलट्या, जुलाब यांचा दाताशी संबंध निघाला नाही. म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर त्याचं कारण दुसरीकडे शोधा. दुसरी, लाळ अचानक वाढणं. काल ठीक असलेलं मूल आज एकाएकी लाळ गिळतच नाहीये, काही खाऊ देत नाही, श्वासाला आवाज येतोय किंवा मान पुढे काढून बसलंय, तर ते दात नव्हेत, घशात काहीतरी अडकलेलं किंवा घशाची गंभीर सूज असू शकते. यात बटण बॅटरी गिळलेली असण्याची शक्यता तर फार वाईट, ती अन्ननलिका दोन तासांत जाळू शकते. अशा वेळी फोटो पाठवून कोणाला विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

हिरड्यांसाठी काय करू असं पण तुम्ही शेवटी विचारलंय. स्वच्छ बोटाने हिरडी अलगद दाबून द्या, फ्रिजमध्ये थंड केलेला टीदर द्या, फ्रीझरमध्ये गोठवलेला नाही, त्याने हिरडीला इजा होते. टीदर पण लाळेने भरलेला असतो आणि तो गालावर घासला जातो, तेव्हा मधून मधून धुवा. फारच किरकिर असेल, रात्री झोपच नसेल तर बाळाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल, डोस डॉक्टरांकडून लिहून घेऊन. हिरडी बधिर करणारी बेन्झोकेनची जेल दोन वर्षांखालच्या मुलांना नको, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता एकदम घटू शकते, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये यावर कडक इशारा दिलेला आहे, आणि तोंडात लावायच्या लिडोकेनच्या दाट द्रावणाबद्दल पण दात येणाऱ्या बाळांसाठी वापरू नका असा इशारा २०१४ चा आहे. आणि शिवाय लाळेने ती जेल दोन मिनिटांत धुऊन जाते, उपयोग काहीच नाही. दात येण्यासाठी गळ्यात घालायच्या अंबरच्या (पिवळट राळेच्या मण्यांच्या) माळा पण नको, गळफास आणि मणी घशात अडकणं दोन्ही झालेलं आहे.

किती दिवसांत फरक दिसेल, तर टिपणं आणि जाड थर हे दोन्ही नीट केलं तर तीन-चार दिवसांत खरखरीतपणा कमी होतो, सात-दहा दिवसांत बहुतेक भाग शांत होतो. दहा दिवस मनापासून करूनही तसाच असेल, किंवा मधेच ओलसर होऊन पाझरायला लागला, भेगांतून रक्त आलं, बाळाला तिथे हात लावू देईना, तर दाखवाच. दाखवायला जाताना सकाळी उठल्या उठल्या मलम लावायच्या आधीचा फोटो काढून न्या, कारण दुपारी डॉक्टरांपुढे तो अर्धा झालेला असतो, आणि आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत टाकून न्या, नावं आठवण्यापेक्षा ते बरं.

आणि गव्हाळ किंवा सावळ्या रंगाच्या बाळांमध्ये रॅश लाल कमी आणि काळपट-जांभळट जास्त दिसतो, त्यामुळे बोटाने खरखरीतपणा तपासा, नुसत्या रंगावर जाऊ नका. बरा झाल्यावर त्या जागी फिकट किंवा गडद डाग राहतात आणि तेव्हा परत फोन येतात की रॅश गेला पण कोड तर नाही ना. नाही, सूज उतरल्यावर रंग असा मागे राहतोच, तो आठवडे ते काही महिने घेऊन स्वतःच भरतो, त्यावर उजळ करायची कुठलीही क्रीम लावायची नाही. तोवर व्हॅसलिन चालू ठेवा, दिवसातून दोन वेळा पुरे, आणि सुळे यायला लागून लाळ परत वाढली की त्याच दिवसापासून परत जेवणाआधी आणि झोपेआधी.